बियाणे उगवले नाही तर : ग्राहक आयोगापुढे दाद कशी मागावी

मृगाचा पाऊस चांगला होतो, जमिनीला वाफसा येतो आणि शेतकरी दुकानातून आणलेले सोयाबीनचे बियाणे पेरतो. पाचव्या-सहाव्या दिवशी शेतात ओळी दिसू लागावयास हव्यात. आठवा दिवस उजाडतो, तरी ओळीत तुरळक रोपेच दिसतात. शेजारच्या शेतात त्याच दिवशी पेरलेले पीक मात्र हिरवेगार उभे असते. अशा वेळी शेतकऱ्यापुढे दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. हंगाम हातचा जाऊ नये म्हणून दुबार पेरणी केव्हा करावयाची, हा पहिला. आणि वाया गेलेल्या बियाण्याची व बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई कोणाकडे मागावयाची, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाची निकड इतकी मोठी असते की दुसरा मागे पडतो. शेतकरी शेतात वखर घालतो, रिकाम्या पिशव्या इकडेतिकडे जातात आणि दुबार पेरणी उरकल्यावर तो दुकानदाराकडे जाब विचारावयास जातो. तोपर्यंत त्याच्या बाजूचा सर्व पुरावा मातीत मिसळलेला असतो.

२०२० च्या खरीप हंगामात मराठवाडा व विदर्भात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी फार मोठ्या संख्येने आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या वेळी या प्रश्नाची आपण होऊन दखल घेतली होती. अशी आपत्ती प्रत्येक हंगामात थोड्याबहुत प्रमाणात कोठे ना कोठे येतच असते. तीत कायदा शेतकऱ्याच्या पाठीशी आहे. परंतु कायद्याचा लाभ घेण्यासाठी पेरणीपूर्वी व पेरणीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात काही गोष्टी काळजीपूर्वक केलेल्या असाव्या लागतात. त्या कोणत्या, याची माहिती येथे दिली आहे.

शेतकरी हाही ग्राहकच

बियाण्यांच्या गुणवत्तेवर नियंत्रण ठेवण्यासाठी १९६६ साली बियाणे अधिनियम, १९६८ साली बियाणे नियम व १९८३ साली बियाणे (नियंत्रण) आदेश करण्यात आला. अधिसूचित वाणाचे बियाणे ठरवून दिलेल्या किमान उगवणशक्तीपेक्षा व शुद्धतेपेक्षा कमी दर्जाचे असता कामा नये, आणि विक्रेत्याजवळ परवाना असला पाहिजे, असे त्यांनी ठरवून दिले. किमान उगवणशक्ती सोयाबीनसाठी ७० टक्के, ज्वारीसाठी ७५ टक्के, तर गहू व हरभरा यांच्यासाठी ८५ टक्के अशी आहे. तथापि या अधिनियमाचा रोख अपराध्यास शिक्षा करण्याकडे आहे. पहिल्या अपराधास जास्तीत जास्त ५०० रुपये दंड, अशी तरतूद त्यात १९६६ साली करण्यात आली. दंडाची ती रक्कम शासनाकडे जमा होते. शेतकऱ्याचे झालेले नुकसान त्यातून भरून निघत नाही.

नुकसानभरपाईसाठी शेतकऱ्याला निराळा मार्ग धरावा लागतो. तो मार्ग म्हणजे ग्राहक संरक्षण अधिनियम होय. हा अधिनियम प्रथम १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ साली नवा अधिनियम करण्यात आला व त्याचा अंमल जुलै २०२० पासून सुरू झाला. मोबदला देऊन वस्तू विकत घेणारा तो ग्राहक, अशी त्यातील व्याख्या आहे. व्यापारी हेतूने माल घेणारा तीतून वगळलेला आहे; परंतु स्वतःच्या कष्टाने उपजीविका करण्यासाठी माल घेणारा वगळलेला नाही.

शेतकरी पीक विकतो, म्हणून तो व्यापारी ठरतो, असा युक्तिवाद बियाणे कंपन्यांनी अनेकदा केला. आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांनी राष्ट्रीय बियाणे महामंडळाविरुद्ध चालविलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २०१२ रोजी हा प्रश्न निकालात काढला. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे व बियाणे अधिनियम असला तरी त्याला ग्राहक न्यायालयात दाद मागता येते, असा तो निर्णय आहे. बियाण्याची प्रयोगशाळेत तपासणी झालेली नाही, एवढ्याच कारणावरून तक्रार फेटाळली जावी, हे म्हणणेही न्यायालयाने मान्य केले नाही. शेतकरी आणलेले सर्व बियाणे पेरून टाकतो. पुढे कज्जा होईल म्हणून त्यातले काही राखून ठेवावे, अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, हे त्यामागील कारण होय. उलट विकलेल्या प्रत्येक लॉटची नोंद तीन वर्षे, आणि लॉट संपल्यावर त्याचा नमुना एक वर्ष जपून ठेवणे, हे बियाणे नियमांनी विक्री करणाऱ्यांवर बंधनकारक केले आहे.

दुकानातच घ्यावयाची काळजी

न्यायालयाने शेतकऱ्याची अडचण जाणली, हे खरे. तरीही ज्याच्याजवळ पुरावा आहे त्याचे काम सोपे होते. पुराव्याची पहिली वस्तू म्हणजे पावती. १९८३ च्या आदेशाप्रमाणे विक्रेत्याने रोखीच्या व उधारीच्या, अशा दोन्ही विक्रीची पावती दिलीच पाहिजे. पावतीवर शेतकऱ्याचे नाव, पीक, वाण, लॉट क्रमांक, पिशव्यांची संख्या, किंमत व दिनांक लिहिलेला आहे ना, हे दुकानातच पाहून घ्यावे.

येथेच पुष्कळदा अडचण येते. खेड्यातील कृषि सेवा केंद्राचा मालक हा बहुधा उधारीवर माल देणारा, ओळखीचा मनुष्य असतो. त्याच्याकडे पक्की पावती मागणे शेतकऱ्याला अवघड वाटते आणि कागदाच्या चिठोऱ्यावर आकडा लिहून व्यवहार पुरा होतो. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. बियाणे निकृष्ट निघाले तर दुकानदारालाही कंपनीकडे बोट दाखविण्यासाठी तीच पावती उपयोगी पडते, हे त्याला समजावून सांगावे. पावतीशिवाय मिळणारे, सुटे किंवा पिशवी अगोदरच फोडलेले बियाणे स्वस्त असले तरी घेऊ नये.

दुसरी वस्तू पिशवी व तिच्यावरील खूणचिठ्ठी. प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळ्या रंगाची व सत्यतादर्शक बियाण्याची हिरव्या रंगाची असते. तीवर वाण, लॉट क्रमांक, उगवणशक्ती, तपासणीचा दिनांक व वैधतेची मुदत दिलेली असते. पिशवी नेहमी खालच्या बाजूने उसवावी, म्हणजे वरची शिवण व खूणचिठ्ठी जशीच्या तशी राहते. रिकामी पिशवी पीक घरात येईपर्यंत जपून ठेवावी.

तिसरी वस्तू नमुना. प्रत्येक लॉटमधील पावशेर बी त्याच पिशवीत राखून ठेवावे. पेरणीच्या आधी आठ-दहा दिवस घरच्या घरी उगवणीची चाचणी घेणे तर फारच हिताचे असते. न निवडता शंभर दाणे मोजून घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, वरून दुसरे ओले गोणपाट झाकून गुंडाळी करावी व ती सावलीत ओलसर ठेवावी. आठव्या दिवशी निरोगी कोंब आलेले दाणे मोजावेत. सोयाबीनचे सत्तरापेक्षा कमी दाणे उगवले तर बियाणे पेरू नये. ते तसेच दुकानदाराकडे न्यावे. पेरण्यापूर्वी परत केलेली पिशवी हा सर्वांत स्वस्त निकाल होय.

दोष बियाण्याचा की अन्य कशाचा ?

उगवण न होण्याची कारणे अनेक आहेत. पुरेसा पाऊस होण्यापूर्वी केलेली धूळपेरणी, पेरणीनंतर पडलेली उघडीप, अतिवृष्टीने जमिनीवर धरलेली खपली, पाणी साचणे, सोयाबीनचे बी पाच सेंटिमीटरपेक्षा खोल पडणे, बीजप्रक्रिया करताना नाजूक साल दुखावणे, वाणी किंवा गोगलगायींचा उपद्रव, अशा प्रत्येक कारणाने चांगले बियाणेही वाया जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हरयाणा बियाणे विकास महामंडळाच्या प्रकरणात शेतकऱ्याच्या विरुद्ध निर्णय दिला, तो याच मुद्द्यावर. पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या अहवालात पिकाची स्थिती नोंदलेली होती. परंतु बियाणे निकृष्ट असल्याचे कोठेही म्हटलेले नव्हते. पीक कमी येण्यास पाणी, जमीन, ओलावा, पेरणीची पद्धत अशी इतर कारणेही असू शकतात, असे न्यायालयाने दाखवून दिले.

२००५ व २०१२ सालचे हे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचले म्हणजे शेतकऱ्याने काय करावयाचे ते स्पष्ट होते. पीक उगवले नाही एवढे दाखविणे पुरत नाही. इतर कारणे नव्हती व दोष बियाण्यातच होता, असे लेखी येणे जरूर असते. यास्तव शेतकऱ्याने प्रथम स्वतःशी प्रामाणिकपणे विचार करावा. त्याच पाभरीने, त्याच दिवशी, त्याच शेतात दुसऱ्या लॉटचे बी पेरले असेल व ते नीट उगवले असेल, तर पहिल्या लॉटविषयी संशयास सबळ आधार मिळतो. एकाच लॉटचे बी गावातील चार शेतकऱ्यांनी निरनिराळ्या जमिनींत पेरले व चौघांचेही उगवले नाही, तर तो आधार अधिकच बळकट होतो. ओळ उकरून पाहिली असता बी फुगून कुजलेले आढळते की कोंब येऊन वाळलेले आढळते, हेही पाहावे. कोंब येऊन वाळला असेल तर दोष बहुधा ओलाव्याचा असतो.

वखर घालण्यापूर्वी पंचनामा

उगवण समाधानकारक नाही असे दिसताच त्याच दिवशी लेखी तक्रार करावी. ती तालुका कृषि अधिकारी किंवा पंचायत समितीचे कृषि अधिकारी यांच्याकडे द्यावी व प्रतीवर पोच घ्यावी. तक्रारीची एक प्रत विक्रेत्यालाही द्यावी. बियाण्यांविषयीच्या तक्रारींची शेतावर जाऊन पाहणी करण्यासाठी तालुका पातळीवर समिती असते व तीत कृषि खात्याबरोबर कृषि विद्यापीठाचे तज्ज्ञही असतात. पाहणीच्या वेळी विक्रेत्यास व कंपनीच्या प्रतिनिधीस हजर राहण्याची संधी मिळाली, तर त्यांच्या पाठीमागे पंचनामा केला असे म्हणण्यास पुढे जागा राहत नाही.

पंचनाम्यात अमुक टक्के उगवण झाली, एवढाच मोघम शेरा असू नये. शेताच्या निरनिराळ्या दहा ठिकाणी एकेक मीटर ओळ मोजून घ्यावी. एकरी ३० किलो बियाणे ४५ सेंटिमीटर अंतरावरील ओळींत पेरले असता मीटरभर ओळीत साधारणपणे २५ ते ३० दाणे पडतात. ७० टक्के उगवण झाल्यास तेथे १८ ते २० रोपे दिसावयास पाहिजेत. प्रत्यक्षात पाच-सहाच दिसली, तर तो आकडा पंचनाम्यात लिहिला जावा. त्याबरोबर पेरणीचा दिनांक, पावसाची नोंद, पेरणीची खोली, बीजप्रक्रिया, लॉट क्रमांक, कीड-रोगाची स्थिती व शेजारच्या पिकाची स्थिती यांचा उल्लेख व्हावा. शेवटी उगवण कमी होण्याचे कारण समितीच्या मते काय, हे स्पष्ट शब्दांत नमूद व्हावे. प्रत मिळाल्यावर शेतकऱ्याने ती वाचून घ्यावी व कारण लिहिण्याचे राहिले असल्यास लगेच लेखी विनंती करावी.

समिती येण्यास विलंब झाला व दुबार पेरणीची वेळ टळू लागली, तर शेत तसेच पडून ठेवू नये. गावातील दोन-चार जाणत्या शेतकऱ्यांसमक्ष वरीलप्रमाणे मोजणी करून सह्या घ्याव्यात, दिनांकासह छायाचित्रे काढावीत, शेताच्या एका कोपऱ्यात चार-सहा ओळी न मोडता राखाव्यात आणि उरलेल्या क्षेत्रात दुबार पेरणी करावी. तसे करीत असल्याचे कृषि अधिकाऱ्यांना आधी लेखी कळवावे. हंगाम हातात असताना शेत पडीक ठेवले, तर टाळता येण्यासारखे नुकसान शेतकऱ्याने टाळले नाही, असे विरुद्ध पक्ष म्हणू शकतो.

राखून ठेवलेला नमुना शासनाच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत फी भरून तपासून घेता येतो. महाराष्ट्रात अशा प्रयोगशाळा पुणे, नागपूर व परभणी येथे आहेत. सर्व बी एकदम पाठवू नये. निम्मे मोहोरबंद करून जवळ ठेवावे. पुढे आयोगाला स्वतः तपासणी करून घ्यावीशी वाटली, तर ते उपयोगी पडते.

भरपाईचा हिशेब

मागणी किती करावी, याविषयी दोन टोके दिसतात. कोणी केवळ बियाण्याची किंमत मागतो, तर कोणी रागाच्या भरात आधार नसलेला मोठा आकडा लिहितो. दोन्ही चूक आहेत. समजा, एका शेतकऱ्याने पाच एकरांसाठी ३,००० रुपयांची एक, अशा पाच पिशव्या घेतल्या. बियाण्याचे १५,००० रुपये झाले. बीजप्रक्रिया व पेरणी यांचा खर्च एकरी १,५०० रुपयांप्रमाणे ७,५०० रुपये झाला. दुबार पेरणी उशिरा झाल्यामुळे त्याला एकरी ५ क्विंटल उत्पन्न आले. वेळेवर उगवलेल्या शेजाऱ्यांना ८ क्विंटल आले. एकरी ३ क्विंटलप्रमाणे १५ क्विंटल तूट आली. क्विंटलचा भाव ४,५०० रुपये धरला, तर ती ६७,५०० रुपये होते. एकूण मागणी ९०,००० रुपयांची. मानसिक त्रासाबद्दल व तक्रारीच्या खर्चाबद्दलची रक्कम निराळी मागता येते. दुबार पेरणीच्या बियाण्याची किंमत मात्र यात पुन्हा धरू नये. एकाच नुकसानीची दोनदा मागणी केल्याने सर्वच हिशेबाविषयी संशय उत्पन्न होतो. प्रत्येक आकड्यास कागद असावा : सात-बाराचा उतारा व पीकपाहणी, मजुरीची टिपणे, बाजार समितीतील विक्रीची पट्टी, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे.

जिल्हा आयोगापुढे

प्रत्येक जिल्ह्यासाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय दूरच्या शहरी आहे म्हणून तेथे जावे लागत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे ज्या व्यवहारात दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत आहे, अशा तक्रारी जिल्हा आयोगाकडे चालतात. ही मर्यादा व तक्रारीची फी, दोन्ही दिलेल्या किमतीवर ठरतात, मागितलेल्या भरपाईवर नव्हे. किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास फी मुळीच नाही. वरील उदाहरणातील शेतकऱ्याने १५,००० रुपयांचे बियाणे घेतले असल्यामुळे त्याला फी भरावी लागणार नाही.

तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. वकील देणे सक्तीचे नाही. शेतकरी स्वतः आपले म्हणणे मांडू शकतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती व अल्प उत्पन्नाचे लोक यांना जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो. एकाच लॉटमुळे अनेकांचे नुकसान झाले असेल, तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकत्र तक्रार करता येते.

अर्जात तक्रारदाराचे नाव-पत्ता, विरुद्ध पक्षांची नावे-पत्ते, घडलेली हकीकत दिनांकवार, नुकसानीचा हिशेब व मागणी इतके असावे. विरुद्ध पक्ष म्हणून विक्रेता व उत्पादक कंपनी या दोघांनाही सामील करावे. आलेली मोहोरबंद पिशवी तशीच विकली, असे विक्रेता सांगतो. विक्रेत्याने ती नीट साठवली नाही, असे कंपनी सांगते. दोघेही समोर असले म्हणजे त्यातले खरे काय, हे आयोगाला ठरविता येते. अर्ज करण्यापूर्वी दोघांना नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवून पंधरा दिवसांची मुदत देणे इष्ट असते. पुष्कळ प्रकरणे त्या पत्रावरच मिटू शकतात.

तक्रार दाखल करून घ्यावयाची की नाही, हे आयोगाने सामान्यतः २१ दिवसांत ठरवावयाचे असते. नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत विरुद्ध पक्षाने लेखी उत्तर द्यावे लागते. आयोग फार तर आणखी १५ दिवस वाढवून देऊ शकतो. समेटाची शक्यता दिसल्यास प्रकरण उभयपक्षांच्या संमतीने मध्यस्थाकडे जाते. नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, व प्रयोगशाळेतील तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाल द्यावा, अशी अधिनियमाची अपेक्षा आहे. व्यवहारात याहून अधिक काळ लागतो, याची मनाशी तयारी ठेवावी. निकाल मान्य नसेल तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते; पैसे देण्याचा आदेश ज्याच्यावर झाला असेल, त्याला अपिलासाठी निम्मी रक्कम भरावी लागते. आदेश न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

शेतकऱ्यास ही सर्व माहिती पीक बुडाल्यावर देऊन फारसा उपयोग नाही. मे महिन्यातील ग्रामसभा व खरिपाच्या बैठका हीच त्याची वेळ होय. कार्यकर्त्यांनी गावातील प्रत्येक आळीत उगवण चाचणीचे एक तरी प्रात्यक्षिक करून दाखवावे. कोणत्या लॉटचे बियाणे गावात कोणी घेतले, याची साधी वही ठेवावी. तक्रार आल्यास आठ-दहा दिवसांच्या आत समितीची पाहणी व्हावी, यासाठी पाठपुरावा करावा. मात्र ज्या ठिकाणी दोष पेरणीचा किंवा पावसाचा आहे, तेथे तसे स्पष्टपणे सांगण्यासही कचरू नये. खोटी आशा देऊन शेतकऱ्याला वर्षभर जिल्ह्याच्या गावी खेटे घालावयास लावणे, हे त्याच्या नुकसानीत भर घालण्यासारखे आहे.

दुकानदाराशी वैर धरण्याचेही कारण नाही. पुढल्या हंगामात त्याच्याच दुकानात जावयाचे असते. आपल्या गावातील शेतकरी पावती घेतात, पिशवी जपतात, नमुना राखतात व वखर घालण्यापूर्वी पंचनामा करवून घेतात, असे एकदा दिसून आले म्हणजे विक्रेताही माल आणताना लॉट व मुदत तपासून घेऊ लागतो. येत्या हंगामात पिशवी उसवताना ती खालच्या बाजूने उसवावी व पावशेर बी बाजूला काढून ठेवावे; इतक्यापासून सुरुवात केली तरी पुरे.